इटलीत तीनच ठिकाणी बॅगा उघडा

ताई, नमस्कार. आम्ही कोल्हापूरचे. येत्या मे महिन्यात दहा रात्रींसाठी इटलीला जायचं ठरतंय. मी, नवरा, बारा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी, सासरे (७१, निवृत्त इतिहास शिक्षक) आणि सासूबाई (६८, गुडघेदुखी, पूर्ण शाकाहारी) असे सहा जण आहोत. टूरवाल्यांनी रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, मिलान असा कार्यक्रम दिलाय. नवऱ्याचं म्हणणं, एवढा खर्च करतोय तर सगळं बघून घेऊ. सासऱ्यांना मात्र जुनी गावं बघायची आहेत, शेतावर राहायचंय. नणंद हसते, म्हणते गावंच बघायची तर आपली काय कमी आहेत? सासूबाईंना शेतावरच्या घराची कल्पना आवडली, कारण तिथे स्वयंपाकघर असतं, दोन घास आपल्या हातचे होतील. हे ऐकल्यापासून माझा उत्साहच गेलाय. वर्षभर बँक आणि घर करून मिळालेली ही सुट्टी. मी स्वार्थी विचार करतेय का?
– एक सून, कोल्हापूर

नमस्कार.

स्वार्थी वगैरे काही नाही. ‘दोन घास आपल्या हातचे’ यातले ‘आपले’ हात कुणाचे असतात, हे तुमच्यासारखंच मलाही ठाऊक आहे. पण शेतावरचं घर त्यासाठी सोडू नका. स्वयंपाकघराचं काय करायचं ते सांगते, जरा थांबा. आधी तो पाच शहरांचा कागद बाजूला ठेवू.

दहा रात्रींत पाच शहरं म्हणजे चार वेळा मुक्काम हलवायचा. सहा माणसांचं सामान बांधणं, खोल्या रिकाम्या करणं, स्टेशन, गाडी, पुन्हा टॅक्सी, पुन्हा नव्या हॉटेलात दुपारी तीनपर्यंत खोलीची वाट बघणं. एका मुक्कामबदलाला अर्धा दिवस सहज जातो. म्हणजे दोन अख्खे दिवस तुम्ही पैसे देऊन बॅगा ओढणार. तुमच्या यजमानांना हा हिशोब कागदावर मांडून दाखवा. ‘सगळं बघून घेऊ’ म्हणणाऱ्यांना भावनेपेक्षा हिशोब लवकर पटतो, हा माझा अनुभव.

मी तुमच्या जागी असते तर व्हेनिस आणि मिलान बिनदिक्कत खोडलं असतं आणि तीनच ठिकाणी बॅगा उघडल्या असत्या: तीन रात्री ओर्विएतो, चार रात्री पिएन्झाच्या आसपास शेतावर, तीन रात्री फ्लॉरेन्स.

ओर्विएतो कुणी फारसं सुचवत नाही. मी सुचवते ते सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. इटलीतली बहुतेक जुनी गावं टेकडीवर आहेत, कारण ती वसवणाऱ्यांना शत्रू लांबून दिसायला हवा होता. आपल्या गडांसारखंच. सासऱ्यांना हे आवडेल, सासूबाईंना नाही. ओर्विएतोही उभ्या कड्याच्या खडकावर बसलंय, पण खालच्या रेल्वे स्टेशनासमोरूनच दोरखंडाने ओढली जाणारी छोटी रेल्वे निघते आणि काही मिनिटांत वर सोडते. वर पोचल्यावर चौकात बस उभी असते. रोमच्या विमानतळावरून एकदा गाडी बदलून तुम्ही ओर्विएतोला येऊ शकता. रोम इथून आगगाडीने सुमारे सव्वा तासावर. त्यामुळे एक दिवस सकाळी जाऊन कलोसियम आणि फोरम बघा, रात्री परत या. रोम पाहिलं नाही असं नणंदेला म्हणता येणार नाही.

वरच्या स्टेशनाला लागूनच एक विहीर आहे, पोझ्झो दि सान पात्रिझिओ. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा सातवा क्लेमेंट हा पोप पळून ओर्विएतोला आला. इथे वेढा पडला तर पाण्याचं काय, या धास्तीने त्याने आंतोनिओ दा सांगाल्लो या वास्तुविशारदाकडून ही विहीर खोदायला घेतली. खोली पन्नास मीटरहून जास्त. गंमत तिच्या जिन्यांत आहे. एकमेकांभोवती वळणारे दोन स्वतंत्र गोल जिने, प्रत्येकाला २४८ पायऱ्या. पाण्याची गाढवं एका जिन्याने उतरायची आणि दुसऱ्याने चढायची, वाटेत समोरासमोर कधीच यायची नाहीत. दोन्ही मुलांना वेगवेगळ्या जिन्यांवर पाठवा (लेकीबरोबर बाबा हवेत), खिडक्यांतून एकमेकांना हाका मारू देत. सासऱ्यांनी साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर पाहिली असेलच. तिथे पाणी बैलांनी वर खेचलं, इथे गाढवांनी वाहून आणलं, यावर ते तासभर बोलतील. सासूबाईंनी मात्र खाली उतरायचं नाही. शेजारीच जुन्या किल्ल्याची बाग आहे, तिथल्या बाकावर बसलं की खालची सगळी दरी दिसते.

आता शेत. शेतावरच्या मुक्कामाला इटलीत अग्रितुरिस्मो म्हणतात. हा शब्द हॉटेलवाल्यांनी सजवण्यासाठी वापरलेला नाही. त्यासाठी कायदा आहे आणि त्यानुसार शेती हाच त्या कुटुंबाचा मुख्य व्यवसाय असावा लागतो, पाहुणे दुय्यम. म्हणून तिथे ट्रॅक्टरचा आवाज असतो, कोंबड्या असतात, दारात ऑलिव्हची झाडं असतात आणि मालक कधी कधी फोन उचलत नाही, कारण तो खरंच शेतात असतो. पिएन्झा, मोंताल्चिनो आणि सान क्विरिको या गावांच्या भोवतालचं जे खोरं आहे, वाल द’ओर्चा, त्याला २००४ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. कारण मोठं छान आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकात सिएना शहराने हा मुलूख ठरवून घडवला, शेतं कशी, रस्ते कसे, घरं कुठे, आणि ते रूप अजून टिकून आहे. मेमध्ये गहू हिरवा असतो आणि त्यात लाल पॉपी. फोटोत बघितलेला तो सरू वृक्षांचा वळणदार रस्ता इथलाच.

नणंदेच्या टोमण्याला उत्तर हवं असेल तर सिएनात मिळेल. शेतावरून गाडीने साधारण तासाभरावर. तिथल्या नगरभवनात आंब्रोजिओ लोरेंझेत्ती या चित्रकाराने १३३८-३९ मध्ये भिंतीवर राज्यकारभाराची चित्रं काढली. चांगला कारभार असेल तर काय होतं, वाईट असेल तर काय. चांगल्या कारभाराच्या चित्रात अर्धी भिंत शहर आहे: दुकानं, गवंडी, नाचणाऱ्या आकृत्या. मधे वेस. आणि वेशीबाहेरची उरलेली अर्धी भिंत म्हणजे शेतं, मळणी, गाढवावर लादलेलं धान्य शहराकडे निघालेलं. शहर आणि त्याचं पोट भरणारी शिवारं एकाच भिंतीवर. चित्र पाहून बाहेर पडा, खालच्या शिंपल्याच्या आकाराच्या उतरत्या चौकात सहा जण खुशाल फरशीवर बसा, लोक बसतातच. दहा वर्षांत, १३४८ साली, इथे प्लेग आला. शहरातलं कॅथेड्रल दुपटीने वाढवायचं काम चालू होतं ते थांबलं ते थांबलंच. त्याची एक उंच भिंत अजून एकटी उभी आहे. सासऱ्यांना ती दाखवायला विसरू नका.

पिएन्झाबद्दल फार लिहीत नाही. एका पोपने, दुसऱ्या पायसने, आपल्या जन्मगावाचा कायापालट करायचा ठरवला आणि १४५९ पासून तीनेक वर्षांत मधला भाग नव्याने उभा केला. आपल्याकडेही मोठ्या पदावर गेलेल्यांना गाव आठवतं. एवढं देखणं मात्र क्वचित जमतं. गाव सपाट आहे, छोटं आहे, सासूबाई आरामात फिरतील.

त्यांच्यासाठी आणखी एक जागा: बान्यो विन्योनी. गावाच्या मधोमध चौक असायला हवा तिथे गरम पाण्याचं मोठं दगडी कुंड आहे. त्यात उतरायला मनाई आहे, पण तेच पाणी गावाच्या कडेला पाटांतून वाहत जातं आणि तिथे पाय सोडून बसता येतं. आपल्या वज्रेश्वरीची आठवण होईल. गर्दी नसलेल्या वज्रेश्वरीची.

गाडीचं बोलू. शेतावर राहायचं तर गाडी लागतेच, बस मोजक्याच, रविवारी त्याहूनही कमी. सहा माणसं आणि बॅगा सात आसनी गाडीत मावत नाहीत, माणसं मावतात फक्त. नऊ आसनी व्हॅन घ्या. भारतीय परवान्याबरोबर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा लागतो. इटलीत दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला खास आसन सक्तीचं आहे, म्हणजे लेकीला नक्की आणि बहुधा मुलालाही उंचवट्याची बैठक. गाडी ठरवतानाच सांगा. छोट्या गावांतली गाड्यांची कार्यालयं दुपारी आणि रविवारी बंद असतात, त्या वेळा टाळा.

आणि एक गोल पाटी लक्षात ठेवा: पांढरी, लाल कडेची, सोबत ‘झोना त्राफिको लिमितातो’. या वेशीच्या आत परवानगीशिवाय गाडी न्यायची नाही. कुणी अडवत नाही, कॅमेरा फोटो काढतो. आमचे हे एका टेकडीवरच्या गावात ‘पाच मिनिटांत सामान उतरवून येतो’ म्हणून आत गेले. चुकून दोन फेऱ्या झाल्या. सात महिन्यांनी घरी दोन दंडाच्या नोटिसा आल्या, दोन फेऱ्यांच्या दोन. त्या दिवसापासून आमच्या घरात ‘पाच मिनिटांत येतो’ हे वाक्य बंद आहे. गाडी वेशीबाहेरच्या तळावर लावायची आणि वर जायचं. सिएनात वर चढायला सरकते जिने आहेत, आधी नकाशावर ते कुठल्या तळाजवळ आहेत ते बघून ठेवा. यजमानांना उजव्या बाजूने गाडी चालवायची भीती वाटत असेल तर फुशारकी नको. शेत गावाला चिकटून असलेलं घ्या आणि दोन दिवस चालकासह गाडी ठरवा.

शेतावरून फ्लॉरेन्सला निघण्याआधी एक दिवस सासऱ्यांना द्या. उंब्रिया प्रांतात, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात मोंतोने नावाचं छोटं गाव आहे. शेतावरून दीडेक तास. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी, या खोऱ्यात रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे लढले. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तुकडी. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मारले गेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे त्या ठाण्यावर चालून गेले. बंदुकीतल्या गोळ्या संपल्या, भरायला वेळ नव्हता, तर उरलेल्यांवर दस्त्याने घाव घातले. शेवटी शत्रूच्या नेमबाजांच्या गोळीने ते पडले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. २०२३ मध्ये मोंतोनेत त्यांच्या नावाने सूर्यघडीचं स्मारक उभं राहिलं. तुमचा बारा वर्षांचा मुलगा फोनमधून डोकं काढत नाही असं वाटत असेल, तर गोष्ट आजोबांनाच सांगू द्या, आणि तिथे पोचल्यावर सांगू द्या, आधी नको.

फ्लॉरेन्सला जाताना गाडी शहराबाहेर विमानतळाजवळ परत करून टाका. तिथे उफित्सी संग्रहालय, मोठा घुमट, जुना पूल वगैरे तुम्हाला ठाऊकच आहे. एवढंच सांगते की तिकिटं आधी काढा आणि मुलांची वयं सांगा, कारण सरकारी संग्रहालयांत अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट असतो. कलोसियमलाही, पण आरक्षण त्यांचंही करावं लागतं.

तुम्ही कोल्हापूरच्या, म्हणून एका जागेचं नाव ठळक लिहून ठेवा: कशिने बाग. अर्नो नदीच्या काठाने लांबच लांब पसरलेली ही बाग जिथे संपते, तिथे मुन्योने नावाची छोटी नदी अर्नोला मिळते. तुमच्या करवीरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडहून परत येताना फ्लॉरेन्सला थांबले आणि ३० नोव्हेंबरला तिथेच वारले. जेमतेम वीस वर्षांचे. दहनाची चाल नसलेल्या त्या शहरात खास परवानगी मिळवून या संगमावर त्यांचं दहन झालं. १८७४ मध्ये तिथे छत्री उभारली, खाली त्यांचा रंगवलेला अर्धपुतळा, डोक्यावर पागोटं. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला नुसतं ‘इंदियानो’ म्हणतात. शेजारून जाणाऱ्या मोठ्या पुलाचं नावही तेच. पंचगंगेच्या घाटावरच्या छत्र्या बघत वाढलेल्या माणसाला अर्नोकाठची ती एकटी छत्री बघून काय वाटेल, हे मी इथे बसून सांगणं बरं नाही. बागेच्या पार टोकाला आहे, चालत जाऊ नका, टॅक्सी करा.

आता खाणं. सासूबाई पूर्ण शाकाहारी, म्हणून तीन धोके सांगते. सूप भाजीचं दिसलं तरी मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं. ताज्या पास्त्यात बहुधा अंडं असतं. आणि पार्मेजान, पेकोरिनोसारख्या चीजमध्ये वासराच्या किंवा कोकराच्या जठरातलं विरजण असतं. हे त्यांना आधी सांगा. चालवून घ्यायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं, तुम्ही लपवायचं नाही. चांगली बातमी अशी की त्या खोऱ्यातला खास पास्ता, पिची, मूळचा नुसत्या पिठाचा आणि पाण्याचा. हाताने वळलेल्या जाड शेवया समजा. आल्योने नावाच्या मोठ्या लसणीच्या आणि टोमॅटोच्या रश्शात मिळतो. काही जण पिठात अंडं घालतात, म्हणून ‘सेन्झा उओवा?’ एवढं विचारायचं. फ्लॉरेन्सहून एका दुपारी पिसाला गेलात तर चेचीना मागा. हरभऱ्याच्या पिठाचं भट्टीत भाजलेलं धिरडं आहे ते. सासूबाई पहिल्या घासाला म्हणतील, यात ओवा हवा होता.

तोस्काना, म्हणजे फ्लॉरेन्स-सिएनाचा प्रांत, तिथला पाव अळणी असतो. ते मीठ विसरलेले नसतात, तिथली रीतच आहे. सुकी लसूण चटणी न्या. मेतकूट, भाजणी, पापड न्या. तूप, खवा, पेढे नेऊ नका, कारण युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. विमानतळावर डबा उघडायला लावला तर सासूबाईंनाच वाईट वाटेल.

दुपारी एक ते साडेतीन-चार छोट्या गावांत दुकानं बंद, चर्च बंद. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी हॉटेलात मिळत नाही. पुण्याला उगाच बदनाम करतात. तुम्हीही या वेळेत काही ठरवू नका. शेतावर परत या, सासूबाईंनी आणि लेकीने वामकुक्षी करावी, मोठा मुलगा काय करायचं ते करेल. तुम्ही झाडाखाली खुर्ची टाका आणि दोन तास कुणाला काही देऊ नका.

तर, स्वयंपाकघर. घर घ्याच, आणि ठरवायचं ते कोल्हापुरातच ठरवा, विमानात बसल्यावर नको. शेतावर चार रात्री आहेत. त्यातल्या एका रात्री मालकीणबाईंच्या हातचं जेवण आधीच सांगून ठेवा, बऱ्याच ठिकाणी ते करून देतात. एका रात्री गावात पिची. एका रात्री तुमचे यजमान आणि मुलगा बाजारातून टोमॅटो, पाव, चेरी, बीन्स आणून काय जमेल ते मांडतील. सासूबाईंना हौस असेल त्या एका रात्री त्यांनी पिठलं करावं, मनापासून. त्यांना बहुधा ‘सुनेने करावं’ असं म्हणायचंच नसेल. परक्या देशात आपल्याला उपाशी राहावं लागेल ही भीती असेल, आणि ती भीती त्यांच्या पिढीतल्या बायका स्वयंपाकघर मागूनच बोलून दाखवतात. माझ्याही सासूबाई तशाच होत्या. सकाळचा चहा ज्याला आधी जाग येईल त्याने. हे सगळं नवऱ्याला एकट्याला सांगू नका, सगळ्यांदेखत सांगा, जेवताना, हसत.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेसाठीच्या भेटीच्या वेळा झपाट्याने भरतात, त्यामुळे जानेवारीतच सुरुवात करा. प्रवासविमा किमान तीस हजार युरोचा हवा, आणि सासू-सासऱ्यांच्या जुन्या दुखण्यांचा त्यात उल्लेख आहे का ते वाचून सही करा. प्रत्येकाने एकच बॅग, स्वतःला जिना चढून नेता येईल एवढी. भाजणीची पिशवी सासूबाईंच्या बॅगेत, तुमच्या नाही.